प्रभूची बाटली

सोमवारी संध्याकाळी कामावरून आले, दुधाचं पातेलं आत ठेवायला फ्रीज उघडला, तर प्रभूची बाटली गळ्यापर्यंत भरलेली. दार उघडं टाकून मी तशीच उभी राहिले. फ्रीजचा दिवा पायांवर पडला होता, घोट्यांना गार हवा लागत होती. कालचा रविवार मार्चचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घोटभर द्राक्षरस घ्यायचा. काल सकाळी सातला हीच बाटली पिशवीत घालून मी चर्चमध्ये नेली होती, मागच्या खोलीत अर्धं पाणी घालून चौसष्ट इवल्याशा ग्लासांत ओतली होती, आणि उपासना झाल्यावर रिकामी बाटली विसळून घरी आणली होती. मग ही भरलेली कुठली? बूच काढून बोट बुडवलं. शनिवारी मनुका उकळून, चोळून, फडक्यातून गाळलेला माझाच द्राक्षरस. खालच्या कप्प्यात हात घातला. तिथं सावंतवाडीच्या बहिणीनं पाठवलेलं आगळ असायचं, कोकमाच्या साली मिठात मुरवून काढलेला तो जाड लाल रस, चमचाभर घातला तरी पातेलंभर सोलकढी होते. तेही सरबताच्या तसल्याच जुन्या बाटलीत. ते तिथं नव्हतं. ओट्यावर पालथी घातलेली बाटली घेतली. माझं नाक लॅबमधल्या फिनेलनं बावीस वर्षांत मरून गेलंय, म्हणून बुचाच्या आतली चकती जिभेला लावली. खारट आणि आंबट. त्रेपन्न वर्षांची बाई भर स्वयंपाकघरात बूच चाटत उभी आहे, असं कुणी पाहिलं असतं तर नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झाला म्हणाले असते. दूध बाहेरच राहिलं आणि पुढं नासलं.

ह्या दोन बाटल्यांत घोळ होऊ नये म्हणून चौदा वर्षं एक दोरा होता. लाल लोकरीचा, वीतभर. शनिवारी रस गाळून झाला की माझे यजमान शांतवन तो बाटलीच्या गळ्याला गाठ मारून बांधायचे आणि म्हणायचे, एस्तेर, ही प्रभूची आणि ती तुझ्या बहिणीची, प्रभूला सोलकढी पाजू नकोस. पाटबंधारे खात्यातला माणूस, फायलींना दोरे बांधायची सवय. एकदा शेजारच्या राजमतीबाईंना मी सहज म्हटलं, जरा थांबा, आधी प्रभूची बाटली भरून घेते. बाई जैन, कांदासुद्धा घरात न आणणाऱ्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी शांतवननी त्यांच्या दारात उभं राहून मनुका, उकळणं, गाळणं सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. शांतवन सत्याण्णवच्या डिसेंबरात गेले. जानेवारी-फेब्रुवारीचा रस नव्या पाळकांच्या बायकोनं केला. मार्चचा मी करते म्हणून हट्टानं मागून घेतला, लोकांनी कीव करायची थांबवावी म्हणून. रस केला, गाळला, भरला. दोरा बांधायचा असतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण ते काम माझं कधी नव्हतंच. घड्याळाला किल्ली देणारा माणूस गेला की घड्याळ बंद पडल्यावरच कळतं. दोरा खुंटीवरच होता, मी बघितला.

रविवारी सकाळी चर्चमध्ये लाइट नव्हती. मागच्या खोलीची खिडकी पेरूच्या झाडानं झाकलेली, त्यामुळं आत अंधारच. ओतताना माझं लक्ष मात्र बाटलीत नव्हतं. मला माहीत होतं की हे ग्लास तबकात घालून मंडळीत फिरवायला चर्चचे पंच म्हणून शांतवनचे मित्र बाळासो येणार, आणि माझ्या बाकापुढं थांबणार. तसंच झालं. बाळासोंनी तबक माझ्यापुढं धरलं आणि मी मान हलवली, नको. जानेवारीत नको, फेब्रुवारीत नको, मार्चमध्येही नको. आमच्यात प्रभूच्या मेजापाशी जाण्याआधी ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याशी सरळ करून यायचं असतं. ज्याच्याशी वाकडं तोच तबक धरून उभा असेल तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. लोकांना वाटायचं मी दुःखानं घेत नाही. बाळासोंना काय वाटायचं ते मला समजत होतं, कारण तबक माझ्यापुढं जरा जास्त वेळ थांबायचं. मग पाळकांनी आपला ग्लास उचलला, सगळ्यांनी आपापला उचलला आणि एकदम घेतला. मी मान खाली घालून माझ्या चपलेचा अंगठा बघत होते. त्यानंतर नेहमीसारखी शांतता, फक्त कुणीतरी एकदा खोकलं. पुढचं गीत वेळेवर सुरू झालं. उरलेला रस गटारात टाकायचा नाही म्हणून मी पेरूच्या बुडाशी ओतला, ग्लास नळाखाली धुतले आणि घरी आले.

आता सोमवारी त्या शांततेचा मला अर्थ लागेना. अर्धं पाणी घातलं तरी आगळ ते आगळ. एका घोटात दात आंबतात, घसा खवखवतो. ते त्रेसष्ट माणसांनी घेतलं आणि एकानं तोंड वाकडं केलं नाही? आमची मंडळी तोंड वाकडं न करणाऱ्यांतली नाही. कापणीच्या सणाच्या जेवणात मीठ कमी पडलं म्हणून इथं दोन घरं सहा महिने एका बाकावर बसली नव्हती. मग एक विचार आला, आणि तो आल्याबरोबर मी घाबरून खुर्चीत बसले. गालीलातल्या त्या लग्नात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला, हे लहानपणापासून ऐकलेलं. तसं काही झालं असेल का? मी ओतलं आगळ आणि ओठाला लागेपर्यंत त्याचा द्राक्षरस झाला असेल? कोल्हापुरात, शाहूपुरीच्या मागं, लाइट नसलेल्या रविवारी? आणि झालं असेल तर ते त्रेसष्ट जणांना मिळालं आणि मी एकटीच मान हलवून बसले होते. हसू यायला हवं होतं. मी रडले, आणि कशासाठी रडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

ह्या बाबतीत मी जन्मापासून दोन घरची आहे. माझे वडील गारगोटीला मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांना सगळीकडं देव दिसायचा. एसटी चुकली तर देवानं चुकवली, मिळाली तर देवानं थांबवली. एकदा आमची तांबडी कोंबडी चार दिवस हरवली आणि पाचव्या दिवशी अंगणात येऊन उभी राहिली, तर वडिलांनी आम्हा सगळ्यांना गुडघे टेकायला लावून आभाराची प्रार्थना केली. आई मागं उभी होती, सुपात जोंधळे घेऊन. प्रार्थना संपल्यावर ती म्हणाली, ती ह्याच्यासाठी आलीया, आणि मूठभर जोंधळे टाकले. कोंबडी तिच्याकडंच धावली. वडील म्हणाले, जोंधळे कुणी दिले? आई म्हणाली, म्या. ह्यावर दोघंही हसले. मला मात्र त्या दिवसापासून कोंबडी कुणासाठी आली हे कळलेलं नाही. लग्न झाल्यावर शांतवनना मी हे सांगितलं, तर ते पेटीवर सूर धरून बसले होते, म्हणाले, कोंबडीला विचारायचं. त्यांना असले प्रश्न पडायचे नाहीत. ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे आणि घरी येऊन जेवायचे.

मंगळवार, बुधवार मी लॅबमध्ये काम केलं, म्हणजे हात करत होते. आमच्या धंद्यात नमुन्यांची अदलाबदल ह्याच्याएवढं मोठं पाप नाही. एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर गेलं की धडधाकट माणूस आजारी होतो आणि आजारी माणूस पेढे वाटतो. माझ्या हातून बावीस वर्षांत ते झालं नव्हतं. माझ्या आधी तिथं जी मुलगी होती तिच्या हातून एकदा झालं. इचलकरंजीचे कुणी नागाप्पा, मागवाले, त्यांच्या हातात दुसऱ्याच्याच लिव्हरचा रिपोर्ट पडला. वाचून घाबरले आणि त्या दिवसापासून बाटली सोडली. चूक आठवड्यानं कळली, डॉक्टरांनी माणूस पाठवून खरा रिपोर्ट दिला, तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून. नागाप्पांनी तो वाचला आणि म्हणे संध्याकाळी पुन्हा गुत्त्यावर गेले. ही गोष्ट लॅबमध्ये हसत हसत सांगतात. मी त्या दोन दिवसांत काचेच्या नळ्यांवर नावं चिकटवत होते आणि मनात एकच घोळत होतं की खरा रिपोर्ट पाठवणाऱ्यानं बरं केलं की वाईट. बुधवारी एका बाईंच्या नळीवर मी माझंच नाव लिहिलं, लगेच फाडून टाकलं.

गुरुवारी दुपारी महिला मंडळाची प्रार्थना चिमणाबाईंच्या घरी होती. चिमणाबाई ऐंशीच्या पुढच्या, आमच्या मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या, आणि बाळासोंच्या मावशी. त्यांनीच बाळासोंना लहानाचं मोठं केलेलं. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. प्रार्थनेनंतर आमच्याकडं साक्ष देतात, म्हणजे आठवड्यात देवानं काय केलं ते एकेकीनं उठून सांगायचं. बहुतेकदा कुणाच्या नातवाचा ताप उतरलेला असतो. मी गळ टाकावा तसं म्हटलं की रविवारच्या प्रभुभोजनात कुणाला काही विशेष जाणवलं का. मग शालूबाई, ज्यांना माझ्या हातची कुठलीच वस्तू कधी आवडली नाही, त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, छान झालं होतं हो, तुम्ही एवढ्या दुःखातून केलंत. त्या मऊपणावरूनच मला कळलं. चमत्कारबिमत्कार काही नव्हता. त्यांनी आगळ प्यायलं होतं आणि मी विधवा म्हणून गिळलं होतं. पाळकांची बायको नगरकडची, नवीन, तिनं तर मला कोपऱ्यात घेऊन कृती विचारली. तिच्या नवऱ्याला वाटलं होतं की कोल्हापूरकडं सगळंच झणझणीत, तर इथं रसही खारा करायची जुनी पद्धत असेल, आणि आपल्या बायकोनं दोन महिने गोड करून मंडळीला नाराज केलं. साखरेच्या रोग्यांसाठी बिनसाखरेचा केला असंही दोघीतिघींनी मनाशी ठरवून टाकलं होतं. चिमणाबाईंचं निराळंच. त्या म्हणाल्या, "वधस्तंभावर येसूला आंब दिली हुती पाजायला, आंबलेला आंबट रस. उपासाचे दिस हायती, म्हनून पंचांनी औंदा तीच आपल्याला दिली. ऐंशी वर्सं गोड गोड पीत आलो. पयल्यांदा कळलं त्येच्या तोंडाला काय लागलं असंल." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. मी त्यांच्याकडं बघत राहिले. माझ्या विसराळूपणाच्या बाटलीतून ह्या बाईला तो भेटून गेला होता, आणि मला कुणी विचारलं असतं की कसा, तर मी दोरा दाखवला असता.

सगळ्या उठल्या तेव्हा चिमणाबाईंनी माझा हात धरून खाली बसवलं. म्हणाल्या, बाळासोचं कायतरी बिनसलंय. सोमवारी जाऊन पाळकांकडं पंचपदाचा राजीनामा देऊन आला, दुकान उघडतो पण काही विकत नाही, जेवायला बसतो आणि ताटाकडं बघत राहतो. खूप खोदून विचारलं तेव्हा बोलला. त्याच्या ग्लासातला रस फिरला म्हणे. त्याच्या एकट्याच्या. तोंडात घेतला आणि शांतवनला त्या दिवशी दिलेला सोडा झाला. मीठ आणि लिंबू, तीच चव. मी म्हटलं, हो का. एवढंच म्हटलं, पर्स उचलली आणि बाहेर पडले. रस्त्यात मला आनंद झाला. लपवून काय करू, तीन महिन्यांत पहिल्यांदा मला पोटातून आनंद झाला.

तो सोडा असा. डिसेंबरात नाताळच्या गाण्यांची तालीम चर्चमध्ये चालू होती, शांतवन पेटीवर. साडेपाचला म्हणाले छातीत जळजळतंय. बाळासो त्यांचा जिवलग, शिवाजी पेठेत कुस्तीच्या तालमीच्या बाजूला सोडा-लेमनचं दुकान. म्हणाला, ॲसिडिटी हाय, खारा सोडा घे, ढेकर आली की मोकळा. स्वतः स्कूटरवर जाऊन दोन गोटीच्या बाटल्या घेऊन आला, लिंबू पिळलं, मीठ घातलं, पाजला. शांतवनना ढेकर आली, सगळे हसले, तालीम पुढं चालू झाली. साडेसातला त्यांनी पेटीवर डोकं टेकलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणायला हवं होतं. ते दोन तास मी बाळासोच्या नावावर लिहिले आणि त्याला तोंडानं एक शब्दही बोलले नाही. भावजी म्हणायचे, ते बंद केलं. मनात मात्र रोज देवाला सांगत होते की हे तू बघ, तू त्याला दाखव. आणि आता देवानं दाखवलं होतं, माझ्याच हातानं, माझ्याच बाटलीतून. शुक्रवारभर मी ह्या विचारात खुशीत होते. लॅबमध्ये सगळ्यांना चहा सांगितला. संध्याकाळी भाजी निवडताना कुठंतरी ते फिरलं. देवानं दाखवलं म्हणतेस, पण दोरा तर तू विसरलीस. मग देवानं तुला विसरायला लावलं? म्हणजे शांतवन गेले ते ह्यासाठी, की दोरा बांधणारा उरू नये? असल्या देवाला मी काय म्हणावं? आणि दोरा मी आपसूक विसरले असेन तर बाळासो एका आगळाच्या घोटासाठी मरतोय, आणि जो रिपोर्ट त्याचा नाही तो त्याच्या हातात आहे, हे कोल्हापुरात फक्त मला माहीत आहे. वडील असते तर म्हणाले असते, देवाची योजना आहे, गप्प राहा. आई म्हणाली असती, जोंधळे तुझे हायत, बोल. दोघंही नव्हते. भाजीत मी दोनदा मीठ घातलं.

शनिवारी दुपारी मी शिवाजी पेठेत गेले. स्टेडियमवर तालमींच्या संघांचा फुटबॉलचा सामना सुटला होता, पोरं झेंडे घेऊन आरडत चालली होती. एरवी अशा वेळी बाळासोच्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. आज दोनतीन जण येऊन, आत बघून पुढच्या दुकानात गेले. बाळासो फळीमागं बसले होते. दाढी वाढलेली, सदरा गळ्यापाशी सैल झालेला. मला बघून उठून उभे राहिले आणि फळी पुसायला लागले. या वैनी म्हणाले, स्टूल पुढं केलं. मी बसले नाही. लांबण लावली असती तर परत गेले असते, म्हणून उभ्याउभ्याच सांगितलं, "रविवारी तुमच्या ग्लासात आगळ होतं. कोकमाचं. माझी बाटली चुकली." त्यांना कळेना. मग सगळं सांगितलं, दोन बाटल्या, लाल दोरा, गेलेली लाइट, सोमवारचा फ्रीज. ते पुसायचं फडकं हातात धरून ऐकत होते. मी म्हटलं, चौसष्टच्या चौसष्ट ग्लासांत तेच होतं, तुमच्या एकट्याच्या नव्हतं.

"मावशीच्या बी?"

"हो."

"पाळक सायबांच्या बी?"

"हो, त्यांच्याही."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा सुटेल. हसतील, शिव्या देतील, माझ्यावर चिडतील. ते सोड्याच्या रिकाम्या क्रेटवर हळूहळू खाली बसले आणि बाहेरच्या पोरांकडं बघत राहिले. बोलले ते माझ्याकडं न बघता. "खोटं कशाला बोलू वैनी. मला बरं वाटलं हुतं. तीन म्हयनं मी देवाला इचारतोय, माझ्यामुळं गेला का शांतूदा, एकदा व्हय म्हन न्हायतर न्हाय म्हन. कोन बोलंना. तुमी बोलंना, त्यो बोलंना. आन् रविवारी घोट घेतला तर त्योच सोडा. म्हटलं, बोलला. शिवी दिली, पर माझ्याशी बोलला की." फडक्याची घडी घातली, उलगडली. "आन् आता तुमी म्हंतासा, आगळ हुतं."

खरा रिपोर्ट द्यायला मी मोठ्या तोऱ्यात आले होते, आणि त्यांच्या हातातला देवच काढून घेतला होता. शिक्षा होती, पण ती त्यांची होती, त्यांचं नाव घालून आलेली. आता काय उरलं? आगळ, आणि एक विसराळू बाई. मला वाटत होतं काहीतरी म्हणावं, की आगळातूनही तो बोलला असेल, चिमणाबाईंशी बोललाच की. पण ते माझ्या तोंडून निघेना, कारण मला ते खरं आहे का ते माहीत नव्हतं, आणि खोटा रिपोर्ट मी दुसऱ्यांदा देणार नव्हते. मग जे खरं माहीत होतं ते बाहेर आलं. शोधायला गेले नव्हते, आपोआप आलं. "त्या दिवशी सकाळी मलाही म्हणाले होते," मी म्हटलं. "हात जड वाटतोय म्हणाले. मी डबा भरत होते. मी म्हटलं, कालचं वांगं बाधलं असेल. लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेली बाई मी. माझे दोन तास नाहीत भावजी, माझा अख्खा दिवस आहे."

भावजी शब्द गेला तो मला ऐकू आला. त्यांनाही आला असावा, त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही. प्रार्थनेत मी फक्त बाळासोचं नाव घ्यायचे, पुन्हा पुन्हा, म्हणजे दुसरं नाव यायला जागाच राहू नये. मला माफ करा, तुम्हाला माफ आहे, असलं कुणीच काही म्हणालं नाही. बाहेर एका पोरानं ढोल वाजवला आणि दुसऱ्यानं त्याला थांब म्हटलं. मग माझे पाय दुखायला लागले म्हणून मी त्या स्टुलावर बसले.

"एक सोडा द्या," मी म्हटलं. "त्यांना दिला होतात तसा."

भावजी उठले, हात धुतले, सदऱ्याला पुसले. बर्फाच्या पेटीतून बाटली काढली, अंगठ्यानं गोटी आत दाबली, फस्सकन आवाज झाला तसे स्वतःच दचकले. लिंबू कापलं, अर्धं पिळलं, मग उरलेलं अर्धंही पिळलं. मीठ एक चमचा घातलं, माझ्याकडं बघत आणखी एक, आणि घातलं किती ते त्यांनाही कळलं नसावं. ग्लास दोन्ही हातांत धरून त्यांनी माझ्यापुढं केला. रविवारी तबक धरायचे तसाच, जरा जास्त वेळ. मी घेतला.

पिताना मी लक्ष देऊन बघत होते. काही होतंय का, कुणी आहे का. फेस नाकाला लागला, दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं ते लिंबाचं की कसलं ते कळलं नाही. शांतवननी शेवटचं जे चाखलं ते हेच, एवढं मात्र कळलं. बाकी वडील खरे की आई खरी, हे त्या स्टुलावरही मला सुटलं नाही, आणि सुटेल असं आता वाटतही नाही. फळीपलीकडं भावजी उभे होते, फडकं मुठीत धरून, माझ्या तोंडाकडं बघत. म्हणाले, बरा झालाय न्हवं? मीठ फार झालं होतं, तोंडात धरवत नव्हतं. मी बरा झालाय म्हटलं आणि ग्लास संपवला.